ओव्हरहॉल केलेल्या कार्ब्युरेटरचे ट्यूनिंग : जुन्या मोटारसायकलीवर पहिल्यांदा हात टाकणाऱ्यांसाठी

कार्ब्युरेटर उघडून धुतला, नवे किट टाकले, गॅस्केट बदलली आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरूही झाली, की काम संपले असे वाटू लागते. प्रत्यक्षात ओव्हरहॉलने कार्ब्युरेटर स्वच्छ होतो आणि त्याची गळती थांबते. तो ट्यून होत नाही. उलट नवा फ्लोट व्हॉल्व्ह (तरंगत्या फ्लोटने मिटणारी पेट्रोलची झडप), नवे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी भाग) आणि नवी नीडल (जेटमध्ये वरखाली होणारी निमुळती सुई) यांमुळे बाऊलमधील, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या वाटीतील, पेट्रोलची पातळी आणि मिश्रणाचे प्रमाण पूर्वीपेक्षा थोडे हललेले असते, आणि ते जागेवर आणण्याचा एक ठरावीक क्रम आहे. माझा अनुभव असा आहे, की नवशिक्यांचा वेळ ट्यूनिंगमध्ये फारसा जात नाही. तो जातो दुसऱ्याच एखाद्या बिघाडावर कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून पांघरूण घालण्यात. म्हणून या लेखात स्क्रूपेक्षा स्क्रूपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर अधिक लिहिले आहे.

दोन शब्द पुढे सतत येतील. मिश्रणात पेट्रोल गरजेपेक्षा जास्त असेल तर ते रिच आणि हवा जास्त असेल तर ते लीन. पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते, पण इंजिन पूर्ण जोर लावते तेव्हा त्याला याहून रिच, म्हणजे साधारण १२.५ ते १३ भाग हवेचे मिश्रण मानवते. कार्ब्युरेटरमध्ये एकाऐवजी तीन-चार वेगवेगळे मार्ग असतात त्याचे कारण हेच, की ॲक्सिलरेटरच्या मुठीच्या प्रत्येक स्थितीत इंजिनाची मागणी निराळी असते.

आधी इंजिन, मग कार्ब्युरेटर

टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट, पॉइंटची (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्काची) फट, इग्निशनचे टायमिंग आणि कॉम्प्रेशन या चार गोष्टी मॅन्युअलप्रमाणे आहेत याची खात्री झाल्याशिवाय कार्ब्युरेटरच्या एकाही स्क्रूला पेचकस लावू नये. यातील अंतरे किती बारीक असतात हे एका उदाहरणावरून कळेल : १९६९ साली बाजारात आलेल्या चार सिलिंडरच्या होंडा सीबी ७५० मध्ये थंड इंजिनावर इनटेक टॅपेटची फट ०.०५ मिमी आणि एक्झॉस्टची ०.०८ मिमी ठेवावी लागते. टॅपेट घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आयडल, म्हणजे मूठ सोडल्यावरची इंजिनाची मंद चाल, डगमगते आणि त्याचा आळ आयडलचे पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटवर येतो. पॉइंट जळालेले असतील किंवा कंडेन्सर थकलेला असेल तर वरच्या रेसला गाडी मिसिंग करते, आणि ते मेन जेट चुकल्यासारखेच वाटते. एअर फिल्टर आणि त्याचा डबा जागेवर हवा, सायलेन्सरचे सांधे घट्ट हवेत आणि प्लग नवे असावेत. फिल्टर काढून केलेले ट्यूनिंग फिल्टर लावताच रद्द होते, हे ध्यानात ठेवावे.

यानंतरची आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित तपासणी म्हणजे कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामधून शिरणारी चोरटी हवा. माझ्याकडील दोन सिलिंडरच्या गाडीचा उजवा सिलिंडर ओव्हरहॉलनंतर आयडलला कधी लागायचा, कधी सुटायचा. मी तीन रविवार मिक्स्चर स्क्रू (आयडलच्या मिश्रणाचे प्रमाण बदलणारा स्क्रू) फिरवला आणि पायलट जेट दोनदा बदलला. चौथ्या रविवारी कार्ब्युरेटर हेडला जोडणारा रबरी मॅनिफोल्ड काढून दोन्ही अंगठ्यांनी वाकवून पाहिला, तेव्हा क्लॅम्पच्या कडेखाली नखाएवढी चीर उघडली. रबर सरळ धरले की ती पुन्हा अशी मिटायची की बोट फिरवूनही कळू नये. नवा मॅनिफोल्ड बसवला आणि पायलट जेट मूळ मापाचाच ठेवून गाडी अर्ध्या तासात ट्यून झाली. तेव्हापासून रबर वाकवून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. चालू इंजिनावर तपासायचे असेल तर मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साध्या पाण्याची बारीक फवारणी करावी. तेवढ्या वेळापुरती फट बुजून रेस बदलली, तर गळती तिथेच आहे असे समजावे. कार्ब क्लीनरचा स्प्रे वापरूनही ही परीक्षा करतात, परंतु गरम सायलेन्सर आणि ठिणगी देणाऱ्या वायरींच्या शेजारी ज्वालाग्राही द्रव उडवणे मला तरी योग्य वाटत नाही.

बाकावरच करायची कामे

कार्ब्युरेटर अजून हातात असेल तर उत्तम. गाडीवर चढवला असेल तर या तीन गोष्टींसाठी उतरवावा.

पहिली गोष्ट म्हणजे जुने जेट आणि जुनी नीडल फेकू नये. किटमधील सुटे भाग अनेकदा एकाच मापाचे, कित्येक मॉडेलांना चालावेत अशा हिशेबाने बनवलेले असतात. नव्या जेटवरील आकडा जुन्याशी ताडून पाहावा, आणि नवी नीडल जुनीच्या शेजारी ठेवून तिची लांबी आणि निमुळतेपणा कोठून सुरू होतो ते पाहावे. हे आकडे एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीला लागू पडत नाहीत : अमलच्या मेन जेटवरील आकडा दर मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल वाहते ते सांगतो, तर डेलॉर्टोच्या जेटवरील आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. जुना भाग झिजलेला नसेल, तर मूळचाच स्वच्छ करून वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे. याला अपवाद नीडल आणि ती ज्यात वरखाली होते तो नीडल जेट यांचा. हजारो किलोमीटर एकमेकांवर घासून नीडल जेटचे गोल भोक लंबगोल होते, मधल्या पल्ल्यात गाडी कायम रिच चालते, आणि नीडलची उंची ठरवणारी क्लिप कितीही हलवली तरी हा दोष जात नाही. ही जोडी मात्र बदलावीच.

दुसरी गोष्ट पायलटचा मार्ग. आयडलचे पेट्रोल ज्या भोकातून येते ते जेमतेम ०.४ मिमी व्यासाचे असते आणि जुन्या पेट्रोलचा वाळलेला थर ते सहज बुजवतो. जेट उजेडासमोर धरला तर आरपार गोल, काठ स्वच्छ असलेला ठिपका दिसला पाहिजे. जेट स्वच्छ असणे मात्र पुरेसे नाही. डोळ्यांवर चष्मा चढवून मिक्स्चर स्क्रूच्या भोकातून कार्ब क्लीनर मारावा आणि कार्ब्युरेटरच्या घशात पाहावे : स्लाइडच्या किंवा बटरफ्लायच्या (हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या किंवा फिरत्या पडद्याच्या) कडेशी असलेल्या बारीक छिद्रांपैकी प्रत्येकातून स्वतंत्र, सरळ धार निघाली पाहिजे. एखादे छिद्र नुसतेच पाझरत असेल तर मार्ग अजून तुंबलेला आहे. १९६७ पासून आलेल्या अमल कॉन्सेंट्रिक या कार्ब्युरेटरच्या पुढील अनेक नगांत पायलट जेट आतच दाबून बसवलेला असून तो सुटा काढता येत नाही, त्यामुळे तिथे ही परीक्षा दुप्पट महत्त्वाची ठरते. कठीण तार किंवा सुई घालून भोक मोकळे करू नये. पितळ मऊ असते आणि एका ओरखड्याने जेटचे माप बदलते. क्लीनरची फवारणी रबरी डायफ्रॅमवर किंवा ओ-रिंगवर जाऊ देऊ नये, कारण रबर फुगते.

तिसरी गोष्ट फ्लोटची उंची, आणि ही सर्वांच्या मुळाशी आहे. बाऊलमधील पातळी वर असेल तर सगळेच मार्ग रिच होतात, खाली असेल तर सगळेच लीन. मोजताना गॅस्केट काढावी, कार्ब्युरेटर तिरपा धरावा आणि फ्लोटची जीभ व्हॉल्व्हच्या टोकाला नुसती टेकलेली असताना माप घ्यावे. अनेक व्हॉल्व्हच्या टोकाला स्प्रिंगवर बसलेली बारीक पिन असते. फ्लोटच्या वजनाने ती दबली की माप खोटे येते. फरक असेल तर जीभ अगदी किंचित वाकवावी. एक मिलिमीटर हे इथे मोठे अंतर आहे. याहून खात्रीची रीत म्हणजे बाऊलच्या ड्रेनला पारदर्शक नळी जोडून ती कार्ब्युरेटरला लगटून उभी धरणे आणि पेट्रोल सोडून नळीतील पातळी बाऊलच्या सांध्यापासून किती अंतरावर थांबते ते पाहणे. गाडी या वेळी मधल्या स्टँडवर सरळ उभी हवी. एकापेक्षा जास्त कार्ब्युरेटर असतील तर सर्वांची पातळी सारखी आली पाहिजे.

व्हॅक्युमवर स्लाइड उचलणारा कार्ब्युरेटर असेल तर त्याचा डायफ्रॅम उजेडासमोर ताणून सुईच्या टोकाएवढीही भोके नाहीत ना ते पाहावे.

मुठीच्या कोणत्या स्थितीत कोणता भाग काम करतो

हे एकदा उमगले की अंदाजाने जेट बदलणे थांबते. मूठ बंद असल्यापासून साधारण एक-अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि मिक्स्चर स्क्रू यांचे राज्य असते. तेथून पाव उघडेपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेला असलेला तिरपा काप प्रमाण ठरवतो. पाव ते पाऊण उघडी असताना नीडल आणि नीडल जेट, आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. या सीमा एकमेकींत मिसळलेल्या असतात, पण तक्रार कोणत्या भागाची आहे हे ओळखायला एवढा नकाशा पुरतो.

मुठीच्या रबरावर आणि शेजारच्या स्विचच्या डब्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावावा. डब्यावरील पट्टीवर बंद, पाव, अर्धे, पाऊण आणि पूर्ण अशा पाच रेघा माराव्यात आणि मुठीवर एकच. आता चालवताना गाडी घुटमळली, तर इंजिनाच्या रेसकडे न पाहता रेघ कोठे आहे ते पाहायचे. नवशिके जवळजवळ नेहमी वेग किंवा रेस सांगतात. स्लाइडच्या कार्ब्युरेटरला मात्र आधी मुठीची स्थिती कळते. व्हॅक्युमच्या कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड इंजिनाच्या ओढीप्रमाणे स्वतः उचलली जाते, त्यामुळे तिथे हा नकाशा थोडा सैल धरावा लागतो.

पहिली मांडणी

मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्यावा, टेकताच थांबावे आणि दीड फेरा बाहेर घ्यावा. जोर लावून आवळल्यास स्क्रूचे टोक त्याच्या बैठकीत रुतते आणि कार्ब्युरेटरचे कायमचे नुकसान होते. नीडलची क्लिप मधल्या खाचेत ठेवावी. चोकची केबल पूर्ण सैल आहे ना आणि हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवल्यावर रेस वाढत नाही ना, हेही याच वेळी पाहावे.

स्क्रू कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवावे, कारण इथे सर्वाधिक गोंधळ होतो. स्क्रू स्लाइडच्या एअर फिल्टरकडील बाजूस असेल तर तो बहुधा हवेचा असतो : बाहेर काढला की लीन, आत नेला की रिच. तो इंजिनाकडील बाजूस असेल तर बहुधा पेट्रोलचा असतो आणि सगळे उलटे होते : बाहेर काढला की रिच. मॅन्युअलमधील आकृती पाहून हे पक्के करावे आणि कार्ब्युरेटरवरच खुणेने लिहून ठेवावे.

यापुढील काम मोकळ्या जागेतच करावे. बंद खोलीत इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

आयडल, मग मेन जेट, मग मधला पल्ला

ट्यूनिंग खालून वर करावे की वरून खाली, यावर अनुभवी लोकांमध्ये मतभेद आहेत. मी आयडल फक्त गाडी चालण्याजोगे बसवतो, लगेच मेन जेटकडे जातो, तेथून नीडल, मग पायलटकडे परत. मधल्या पल्ल्यातील पेट्रोलही मेन जेटमधूनच वर येते, म्हणून मेन जेट ठरण्याआधी नीडल बसवली तर ती बहुधा पुन्हा हलवावी लागते.

आयडल बसवण्यापूर्वी गाडी दहा-पंधरा मिनिटे प्रत्यक्ष चालवून गरम करावी. जागेवर उभी ठेवून गरम केलेले हवेवर थंड होणारे इंजिन एका बाजूने तापते. आयडलचा स्टॉप स्क्रू मॅन्युअलमधील आकड्यावर, बऱ्याच गाड्यांत मिनिटाला १००० ते १२०० फेऱ्यांवर आणावा. मग मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा आत न्यावा आणि दर वेळी दहा सेकंद थांबावे, कारण इंजिनाचे उत्तर उशिरा येते. रेस पडून आवाज डळमळू लागला की ती जागा लक्षात ठेवून स्क्रू बाहेर घेत जावे; आधी रेस वाढेल, स्थिरावेल, पुन्हा डळमळेल. दोन डळमळींच्या मध्ये जिथे रेस सर्वांत वर आणि आवाज सर्वांत एकसारखा असतो तिथे स्क्रू ठेवावा, वाढलेली रेस स्टॉप स्क्रूने उतरवावी आणि हीच कृती पुन्हा एकदा करावी. सर्वोत्तम जागा एका फेऱ्याच्या आत किंवा अडीच फेऱ्यांच्या बाहेर येत असेल, तर स्क्रूशी झगडू नये. पायलट जेटचे माप चुकले आहे किंवा मार्ग तुंबला आहे. मूठ झटक्यात उघडून सोडल्यावर रेस वरच रेंगाळत हळूहळू उतरली तर मिश्रण लीन आहे किंवा चोरटी हवा आहे. रेस आयडलच्याही खाली बुडून मग वर आली तर रिच आहे.

मेन जेटसाठी वाहतूक नसलेला लांब, शक्यतो चढाचा रस्ता लागतो. सुरुवात मूळ मापापेक्षा एक आकडा मोठ्या जेटने करावी, कारण पूर्ण मुठीवर रिच इंजिन फक्त जड चालते, तर लीन इंजिन पिस्टन जाळू शकते. नवे प्लग लावून, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण मूठ उघडून काही सेकंद खेचावे, मग एकाच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि गाडी बाजूला घेऊन प्लग काढावा. पाहायचे ते पांढऱ्या पोर्सिलेनचे टोक नव्हे, तर पोर्सिलेन जिथे धातूत शिरते तो तळ : तिथे काजळीचे पातळ, फिकट कडे दिसले तर मिश्रण योग्य आहे. काळे कडे खोलवर जाड बसले असेल तर रिच. पोर्सिलेन तळापर्यंत कोरडे पांढरे असेल तर ताबडतोब मोठा जेट. जुन्या पुस्तकांतील कॉफीच्या रंगाचा प्लग आजच्या शिशारहित पेट्रोलवर तसा दिसत नाही, तेव्हा त्या रंगाच्या मागे लागू नये. दुसरी एक सोपी खूण : पूर्ण मुठीवरून मूठ किंचित मागे घेतल्यावर गाडी अधिक जोमाने ओढू लागली तर मेन जेट लहान आहे.

आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते, म्हणून तेच जेट पूर्वीपेक्षा थोडे लीन चालतात. मूळ मापाहून एक आकडा मोठा जेट लागला तर नवल नाही. उंचीचा परिणाम उलटा होतो. समुद्रसपाटीपासून १००० मीटर वर हवेची घनता सुमारे १० टक्क्यांनी घटते, म्हणून सपाटीवर नेमके बसवलेले मिश्रण डोंगरावर रिच होते.

मधल्या पल्ल्यासाठी मूठ अर्ध्या रेघेवर स्थिर धरून गाडी चालवावी. ती अडखळत, जड, गुरगुरत चालली तर रिच आहे. क्लिप एक खाच वर सरकवावी, म्हणजे नीडल खाली बसते. ती हिसके देत असेल आणि चोक किंचित ओढल्यावर सुधारत असेल तर लीन आहे. क्लिप एक खाच खाली घ्यावी. पाव मुठीच्या आसपासचाच एखादा हट्टी खड्डा राहिला तर स्लाइडचा काप बदलण्याचा विचार करावा; मोठा आकडा म्हणजे मोठा काप आणि लीन मिश्रण. मूळ स्लाइड असलेल्या गाडीवर ही वेळ क्वचितच येते.

शेवटी पुन्हा गरम इंजिनावर आयडल नव्याने बसवावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा : तारीख, हवा गार होती की तापलेली, काय बदलले, कोणत्या रेघेवर काय झाले.

दोन किंवा अधिक कार्ब्युरेटर असतील तर

कार्ब्युरेटर गाडीवर चढवण्यापूर्वीच सर्व स्लाइड किंवा बटरफ्लाय एकाच क्षणी उचलले जातात का ते पाहावे. प्रत्येक स्लाइडखाली सारख्या जाडीची बारीक तार सरकवून, ती सर्वत्र सारखीच अडकेल इतपत केबल किंवा जोडपट्टीचे स्क्रू जुळवले, की अर्धे काम होते. उरलेले काम चालू इंजिनावर व्हॅक्युम गेजने करावे, आणि सगळ्या नळ्यांतील वाचन मॅन्युअलने दिलेल्या फरकाच्या आत आणावे. टाकी उतरवलेली असल्यास पेट्रोलची छोटी बाटली उंचावर टांगावी आणि इंजिनासमोर पंखा लावावा, कारण हवेवर थंड होणारे इंजिन उभ्या जागी काही मिनिटांतच जास्त तापते. सिंक, म्हणजे सर्व कार्ब्युरेटरांची ही एकसारखी जुळणी, झाल्याशिवाय मिक्स्चर स्क्रूंची शेवटची जुळणी करू नये. एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत असेल तर कोणत्याही स्क्रूचे उत्तर खरे येत नाही.

पहिल्या तीन-चारशे किलोमीटरनंतर नव्या गॅस्केटा आणि रबरे बसतात, तेव्हा क्लॅम्प, बाऊलचे स्क्रू आणि केबलची मोकळीक पुन्हा पाहावी, थंड इंजिनावर टॅपेट तपासावेत आणि सिंक एकदा पडताळावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून बाऊल ड्रेनने रिकामा करावा, म्हणजे पायलटच्या त्या ०.४ मिमीच्या भोकात वाळायला पेट्रोलच उरणार नाही.